पाऊल कसं पडतं ते कंबरेवर ठरतं

पत्र

मॅडम, नमस्कार. माझं वय ४४. गुजरीत सोन्याचं काम करतो. साज आणि पुतळ्या घडवण्यातच हयात गेली. लॉकडाऊननंतर रंकाळ्यावर चालायला जायला लागलो, चालता चालता पळायला लागलो. आता आठवड्यातनं चार दिवस पळतो. मागच्या थंडीत १० किलोमीटर केलं, ह्या थंडीत २१ ला नाव घातलंय. पण दोन महिने झाले, सहाव्या किलोमीटरला उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कळ सुरू होते. थांबलं की कमी येते, पळलं की परत. उतारावर तर पाय टेकवत नाही. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले हाडात काही नाही. तालमीतल्या वस्तादांकडून मांडी चोळून घेतली, दोन दिवस बरं वाटलं. ग्रुपमधले म्हणाले, तू टाचेवर पळतोस, चवड्यावर पळ. तसं पळायला गेलो तर पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरता येईना. नवे भारीतले बूट घेतले, फरक नाही. आता पुण्याचा एक मित्र म्हणतो, फेल्डेनक्राईस नावाची मूव्हमेंट थेरपी कर, जमिनीवर झोपून हळूहळू हालचाली करायच्या, पळणं सुधारतं. झोपून पळणं कसं सुधारेल? हे खरं आहे की नवीन फॅड? आमच्या मंडळी म्हणतात, चाळिशी उलटली, आता पळणं बास, चाला. मला पळणं सोडायचं नाही.
— एक कारागीर, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण खरी काळजी तीच आहे. पत्रात जेवढं लिहिलंय त्यावरून पळणं सोडावं असं मला कुठं दिसत नाही. काही आठवडे कमी करावं लागेल आणि मित्र म्हणतो तसा थोडा वेळ जमिनीवर घालवावा लागेल. पळण्यानं गुडघे झिजतात हा समज आपल्याकडं पक्का बसलेला आहे. पण हौसेनं, बेतानं पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज न पळणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलेली नाही, उलट कमीच आढळली आहे. हे घरी वाचून दाखवा. मात्र मंडळींचं म्हणणं उडवून लावू नका. जिना उतरताना तुमचा चेहरा त्यांनी पाहिलाय.

ठराविक अंतर पळून झालं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ, थांबलं की कमी, उतारावर जास्त. हे वर्णन आयटी बँडच्या दुखण्याशी जुळतं. पक्कं निदान पत्रावरून होत नाही, ते प्रत्यक्ष तपासूनच करून घ्या. आयटी बँड म्हणजे खुब्यापासून मांडीच्या बाहेरून खाली उतरणारी आणि गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला चिकटणारी रुंद, चिवट पट्टी. गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना तिचा खालचा भाग हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो आणि मधला नाजूक थर चिडतो. पळताना पाऊल टेकलं की गुडघा जवळपास त्याच कोनात असतो, दर पावलाला. म्हणून तर एक्स-रेमध्ये काही सापडलं नाही. वस्तादांच्या हातानं दोनच दिवस बरं वाटलं, त्याचंही कारण तेच. मांडीचे स्नायू मोकळे झाले हे सुख खरं आहे, पण ही पट्टी रगडून किंवा ताणून लांब होत नाही आणि तिच्यावर ताण कशानं येतोय ते तसंच राहतं. आता दुखऱ्या जागेवर चोळून घेणं थांबवा. दाबानंच चिडलेली जागा आहे ती.

चवड्यावर पळण्याच्या सल्ल्याबद्दल स्पष्टच लिहिते, कारण तो रंकाळ्यावर रोज कुणी ना कुणी कुणाला तरी देत असतो. चवड्यावर उतरलं की गुडघ्यावरचा भार काहीसा कमी होतो हे बरोबर. पण तो भार नाहीसा होत नाही, पोटरीवर आणि टाचेमागच्या अकिलीस शिरेवर जातो. तुमच्या पोटऱ्यांना त्याची सवय नव्हती, त्यांनी तसं लगेच सांगितलं. लांब पल्ला पळणारे बहुसंख्य लोक टाचेवरच उतरतात, मोठ्या शर्यतींत पुढं असणाऱ्यांमध्येही तसे पुष्कळ असतात. टाच टेकणं हा दोष नाही. तुमची टाच जिथं पडते तिथं का पडते, हा प्रश्न विचारायला हवा होता. पाऊल जमिनीला लागेपर्यंत कंबर, कणा, बरगड्या आणि खांदे यांनी आपापलं काम करून टाकलेलं असतं. वरचं सगळं तसंच ठेवून पावलाला हुकूम सोडला की शरीर तो हुकूम कुठल्या तरी दुसऱ्या जागेच्या जिवावर पाळतं.

तुमच्या कामाबद्दलची ओळ वाचल्यावर मी पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ विचार करत बसले. साज घडवणारा माणूस कसा बसतो हे गुजरीच्या गल्लीत वाढलेल्या कुणालाही माहीत आहे. एक पाय दुमडलेला, एक गुडघा वर, धड दिव्याकडं झुकलेलं, हनुवटी छातीला लागायची बाकी. डाव्या हातात डाग, म्हणजे घडवायचा दागिना, उजव्या हातात कानस किंवा चिमटा. डाक लावायच्या, म्हणजे सांधा झाळायच्या, क्षणाला तर श्वाससुद्धा धरलेला असतो, कारण छाती हलली तर हात हलेल. बोटांचं काम बिनचूक व्हावं म्हणून धड गोठवून ठेवायचं, हे तुमच्या शरीरानं वर्षानुवर्षं, दिवसातले आठ-दहा तास शिकून घेतलंय. ते कौशल्य आहे, त्यात वाईट काही नाही. पण पळताना त्याच्या नेमकं उलट लागतं.

उजवा पाय पुढं जातो तेव्हा पेल्व्हिसची, म्हणजे कंबरेच्या हाडांच्या सांगाड्याची, उजवी बाजू किंचित पुढं वळते. त्याच वेळी छाती उलट दिशेला वळते आणि डावा हात पुढं येतो. हे दोन वळसे एकमेकांना तोलतात म्हणून चेहरा सरळ समोर राहतो. हा पीळ पडतो तो मणक्यांमध्ये आणि बरगड्यांमध्ये. बरगड्या हलायच्या विसरल्या असतील तर तो पीळ दुसरीकडं पडतो. हात पोटासमोर आडवे फिरायला लागतात. पावलं डावी-उजवीकडं पडायच्या ऐवजी एका रेषेत, कधी कधी एकमेकांना ओलांडून पडतात. उजव्या पायावर भार आला की कंबर डावीकडं खचते. पावलं रेषेत आली किंवा कंबर खचली की मांडीबाहेरच्या त्या पट्टीवरचा ताण वाढतो. तुमच्याबाबतीत असंच घडतंय असं मी इथं बसून म्हणणार नाही, पण तपासायची पहिली जागा मला ही दिसते.

तपासणं अवघड नाही. पहाटे विद्यापीठाच्या आवारातल्या सपाट रस्त्यावर कुणाला तरी मागून मोबाइल धरायला सांगा, कॅमेरा कंबरेच्या उंचीला, स्लो मोशनमध्ये. एकदा पळायला सुरुवात करताना आणि एकदा चार किलोमीटर झाल्यावर, म्हणजे पाय दमलेले पण कळ अजून यायची आहे अशा वेळी. दोन्ही चित्रफिती शेजारी ठेवून बघा: दोन गुडघ्यांमधून मागचा उजेड दिसतो का? पावलं रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीच्या दोन बाजूंना पडतात की पट्टीवरच? पँटची कंबरपट्टी एका बाजूला खचते का? शर्टाच्या पाठीवर डाव्या-उजव्या चुण्या आळीपाळीनं पडतात की पाठ पाटीसारखी सपाट राहते? मला ह्यातली शेवटची गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं. फेल्डेनक्राईस हे फॅड नाही, जुनी पद्धत आहे. मोशे फेल्डेनक्राईस (१९०४–१९८४) हे इंजिनिअर आणि भौतिकशास्त्राचे अभ्यासक होते, पॅरिसमध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. ज्युदोतही ते तयार होते. त्यांचा गुडघा फुटबॉल खेळताना दुखावलेला होता, आणि पाटाकडील-खंडोबाच्या मॅचवर वाढलेल्या गावाला फुटबॉलचा गुडघा म्हणजे काय ते सांगायला नको. शस्त्रक्रियेच्या यशाची हमी मिळेना तेव्हा त्यांनी स्वतःच्या चालण्याचा बारकाईनं अभ्यास सुरू केला आणि त्यातून ही पद्धत उभी राहिली. तिचे दोन प्रकार आहेत. एकात शिक्षक तोंडी सूचना देतो आणि सगळे आपापल्या सतरंजीवर त्याप्रमाणे हळू हालचाल करतात. दुसऱ्यात शिक्षक एका माणसाला हातानं अलगद हलवून त्याच्या शरीराला दुसरा पर्याय दाखवतो. मालीश, ताण देणं, हाड बसवणं ह्यातलं काही नाही. कुणी तुम्हाला बरोबर पोझ दाखवून ती धरायलाही सांगत नाही.

झोपून का, ह्याचं कारण साधं आहे. उभं असताना आपल्याला पडू न देण्यासाठी शेकडो स्नायू सवयीनं काम करत असतात, आणि ती सवयच आपल्याला तपासायची असते. पाठ जमिनीवर टेकली की ते काम थांबतं. मग कंबरेची छोटी हालचाल कुठवर पोचते, कुठं अडते, हे जाणवायला लागतं. आणि हळू, कमी जोरानं का, हे तुमच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला समजणार नाही. हातात एक तोळ्याची साखळी असताना तिला एक मणी जास्त लागला तर काट्यावर न ठेवता तुमच्या तळहाताला कळतं. त्याच हातात धान्याची पिशवी असेल तर तो मणी त्यात टाकलेला कळणारसुद्धा नाही. भार जितका मोठा तितका फरक मोठा लागतो, तेव्हाच तो जाणवतो, हे जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी दाखवलं. फेल्डेनक्राईस यांची सगळी पद्धत ह्या एका गोष्टीवर उभी आहे. जोर कमी करा म्हणजे फरक कळेल, आणि फरक कळला की शरीर जास्त सोपा रस्ता निवडतं. बोटांना जी पारख आहे ती कंबरेला आणि बरगड्यांना द्यायची आहे. माझी खात्री आहे की तुम्हाला हे इतरांपेक्षा लवकर जमेल, कारण पारख करायची कशी हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही.

ह्या पद्धतीच्या अंगानं जाणारा एक धडा इथं देते. आज संध्याकाळी करून बघता येईल. दुकान बंद झाल्यावर, जेवणाआधी, फरशीवर सतरंजी किंवा घोंगडं टाका. गादी नको, मऊ गादीत शरीर कुठं टेकलंय ते कळत नाही. पाठीवर झोपा, पाय लांब. काही करायचं नाही, फक्त बघायचं. दोन्ही टाचा सारख्या जड आहेत का? कंबरेखालची पोकळी दोन्हीकडं सारखी आहे का? कुठल्या खांद्याची पात जास्त टेकली आहे? तुमच्या बैठकीमुळं डावं-उजवं सारखं नसेल. ते सरळ करायला जाऊ नका.

आता दोन्ही गुडघे वाकवून पावलं फरशीवर ठेवा, कंबरेइतक्या अंतरावर. उजवं पाऊल फरशीत अलगद दाबा. इतकंच दाबा की कंबरेची उजवी बाजू हलकी होईल आणि पेल्व्हिस किंचित डावीकडं लोळेल. सोडा, परत येऊ द्या. पुन्हा. दहा-पंधरा वेळा, दरवेळी मागच्यापेक्षा कमी जोरानं. गुडघा आत पडतो का, बाहेर जातो का, की छताकडं राहतो? जबडा आवळलाय का? श्वास धरलाय का? तुम्ही तो धरणार आहात, कारण बारीक काम सुरू झालं की श्वास धरायची तुमची सवय आहे. धरलेला लक्षात आला की सोडा आणि पुढं चला.

थोडं थांबा. पुन्हा तेच करा, पण आता लक्ष पावलावर ठेवू नका. पावलानं दिलेला रेटा शरीरात कुठवर जातो ते शोधा. उजव्या कुल्ल्यातून कंबरेत, तिथून खालच्या बरगड्यांत, मणक्यांतून तिरका वर डाव्या खांद्याकडं. डोकं हललं का? धड मोकळं असेल तर हनुवटी आपोआप किंचित वरखाली होते, कुणी न सांगता. बहुतेकांचा हा रेटा कुठं तरी मध्येच अडतो. तुमचा मानेच्या खाली, दोन पात्यांच्या मध्ये अडेल असं मला वाटतं. जिथं अडला तिथं जोर लावून पुढं ढकलायचं नाही. उलट रेटा निम्मा करा आणि त्या जागेला श्वासाबरोबर हलू द्या.

मग उजवा हात डोक्याच्या वर फरशीवर लांब ठेवा. खांदा तिथवर जात नसेल तर हाताखाली उशी घ्या. पुन्हा उजवं पाऊल दाबा. रेटा आला की हात आपोआप फरशीवरून दूर सरकतो का? खांद्यानं ओढायचं नाही. पावलानंच हात लांब केला पाहिजे. हे जमलं ते ह्या धड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. पळताना जमीन तुम्हाला जो रेटा परत देते तो तुमच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. तो पावलापासून डोक्यापर्यंत ह्याच वाटेनं जायचा असतो. वाट मोकळी असली तर तो तुम्हाला पुढं नेतो, अडली तर जिथं अडतो तिथं घाव घालतो.

एक बाजू झाली की दोन्ही पाय लांब करून पडून राहा आणि दोन बाजूंमधला फरक बघा. नंतर डावी बाजू करा, थोडी कमी. कुशीवर वळून सावकाश उठा आणि घरातल्या घरात चाला. लगेच मोबाइल हातात घेऊ नका, ती दोन मिनिटं सगळ्यात मोलाची असतात. मध्ये कुठंही गुडघ्यात कळ आली तर हालचाल निम्मी करा, तरीही आली तर त्या दिवशी थांबा. असं आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी, वीस मिनिटं. सूचना वाचत करता येत नाही, म्हणून हा मजकूर मंडळींना सावकाश वाचायला सांगा किंवा त्यांच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यांची तयारी असेल तर त्यांनीही शेजारी सतरंजी टाकावी. पावसाचे दिवस आहेत, रंकाळ्यावर पाणीच पाणी आहे, हा अभ्यास सुरू करायला ह्याहून चांगला काळ नाही.

हे सगळं पळण्यात उतरवायचं कसं? सकाळी पाच मिनिटं चाला. चालताना दहा पावलं स्वतःला मिठी मारून, हात घट्ट आवळून चाला. पाऊल लगेच आखूड होतं ते बघा. हात सोडा, पुन्हा चाला. मग एक मिनिट पळा, एक मिनिट चाला. पळताना एका दिवशी एकाच गोष्टीकडं लक्ष द्या. एक दिवस खालच्या बरगड्या, दुसऱ्या दिवशी कोपर मागं किती जातं ते. कोपर मागं मोकळं गेलं की पुढं आपोआप येतं, हात पुढं फेकावा लागत नाही. पावलाकडं लक्ष नको. फक्त आठवड्यातून एकदा पांढऱ्या पट्टीवरून पळून बघा की पावलं पट्टीच्या दोन बाजूंना पडायला लागली का. हे तपासण्यापुरतंच, सारखं तेच डोक्यात ठेवून पळू नका.

पावलांची गतीही मोजून घ्या. मिनिटभरात उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजून दुप्पट करा. वेग तोच ठेवून ही संख्या ५ ते १० टक्क्यांनी वाढवली की पाऊल आखूड होतं, शरीराच्या जवळ पडतं आणि गुडघ्यावरचा व खुब्यावरचा भार कमी होतो, हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं आहे. तुमची संख्या १६० आली तर १६८ पुरे. ग्रुपमध्ये कुणी तरी १८० चा आकडा सांगेलच. तो १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये धावपटूंची पावलं मोजून प्रसिद्ध झालेला आहे. ती माणसं शर्यतीच्या वेगानं पळत होती. रंकाळ्यावर सकाळी रमतगमत पळणाऱ्यानं तो नियम म्हणून घ्यायचं कारण नाही.

आणि एक विचारते: तुम्ही रंकाळ्याला रोज एकाच दिशेनं फिरता का? बहुतेक लोक फिरतात. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळं एक पाय कायम किंचित खाली पडतो. दिशा आलटून-पालटून ठेवा, जमेल तेव्हा सपाट मैदानावर पळा. जोतिबा आणि पन्हाळ्याची वाट सध्या बंद. चढ एक वेळ चालेल, पण चढलेला माणूस पळतच उतरतो.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही सांगते, नाहीतर तुमच्या मित्राच्या उत्साहात माझी भर पडेल. फेल्डेनक्राईसवर जे संशोधन झालंय त्यात सगळ्यात आशादायक निष्कर्ष वयस्क लोकांचा तोल सुधारण्याबद्दल आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानं तसं म्हटलं, आणि त्यातल्या बऱ्याच अभ्यासांची रचना कच्ची असल्याचंही त्याच आढाव्यानं नोंदवलं. धावणाऱ्यांच्या दुखापती ह्यानं बऱ्या होतात असा ठोस पुरावा नाही. मी ही पद्धत सुचवते ती पळण्याची सवय बदलायचं साधन म्हणून. दुखण्यावरचा उपचार वेगळा, आणि त्यात दोन गोष्टींना पर्याय नाही.

पहिली, पळणं तात्पुरतं कमी करणं. कळ सहाव्या किलोमीटरला येते, तर सध्या तीनवर थांबा, आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. कळ येईपर्यंत पळून मग थांबणं म्हणजे ती जागा रोज नव्यानं चिडवणं. दोन आठवडे तीन किलोमीटर बिनकळीचे गेले तर अर्धा-अर्धा किलोमीटर वाढवा.

दुसरी, खुब्याच्या बाजूच्या स्नायूंची ताकद. आपल्याकडं ताकद म्हटलं की बैठका. बैठका चांगल्याच, पण त्या दोन पायांवर होतात आणि पळताना माणूस कधीच दोन पायांवर नसतो. एका कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागं ठेवून उचलणं. एका पायावर उभं राहून कंबर सपाट ठेवणं. जिन्याच्या पायरीवर उभं राहून एक पाय हळू खाली टेकवणं आणि परत घेणं, गुडघा आत न पाडता, तेही शेवटचं दुखत नसेल तरच. हे तीन पुरेत, एक दिवसाआड. मोजमाप तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या.

गुडघा सुजला, अडकला, रात्री झोपेतून जागं करणारं दुखणं सुरू झालं किंवा बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दाबल्यावर दुखायला लागलं, तर हे सगळं बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांकडं जा. ताणानं पडलेली हाडाची बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही.

शिक्षक शोधताना एवढं लक्षात ठेवा की ह्या पद्धतीचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण तीन ते चार वर्षं चालतं, त्यामुळं शनिवार-रविवारच्या शिबिराचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेल्या माणसाला आधी चार प्रश्न विचारा. आपल्या देशात असे शिक्षक कमीच आहेत. सूचनांचे ध्वनिमुद्रित धडे ऑनलाइन मिळतात, त्यांनी सुरुवात चांगली होते. एखादी बैठक प्रत्यक्ष घ्यायचीच असेल तर तुमच्या पुण्याच्या मित्रालाच विचारा तो कुणाकडं जातो ते. आणि कुणीही शिकवत असो, धड्यात दुखायला लागलं आणि शिक्षक म्हणाला "सहन करा", तर तिथून उठा. ह्या पद्धतीत सहन करण्यासारखं काही नसतं.

कामाच्या जागी एक बदल जरूर करा. तासाभरानं पाट सोडून उठा, दोन मिनिटं उभे राहा, दोन्ही बाजूंना सावकाश वळून मागची भिंत बघा. दुमडलेला पाय आलटून-पालटून घ्या. पहिले काही दिवस दुसरा पाय दुमडून बसल्यावर हात बसणार नाही, तेव्हा नाजूक काम जुन्याच बैठकीत करा आणि घासायचं, उजळायचं काम नव्या बैठकीत.

बूट वाया गेलेले नाहीत. पायाला आरामदायी असतील तर तेच वापरा, आणखी नवे घेऊ नका.

राहिली शर्यत. माझं मत विचाराल तर ह्या थंडीत २१ नको. आयोजकांना आत्ताच विचारा, काही ठिकाणी मुदतीच्या आत अंतर बदलून मिळतं, १० मध्ये नाव करून घ्या. शर्यतीच्या महिनाभर आधी आठ किलोमीटर लागोपाठ तीन वेळा बिनकळीचे झाले तर १० पळा. नाही झाले तर त्या दिवशी मंडळींना घेऊन पाच किलोमीटरच्या गटात चाला, आणि २१ पुढच्या वर्षी. चित्रफिती काढल्यात तर दोन्ही ह्या सदराच्या पत्त्यावर पाठवा, चेहरा दिसला नाही तरी चालेल. पाठ आणि पावलं दिसली म्हणजे पुढचं लिहिता येईल.